दोन इंच

एकवीस वर्षं मी अंबडच्या लाइनवर उभा होतो,
मागच्या पाट्यांच्या स्टेशनवर.
सांगाडा यायचा नुसता, अंगावर कातडं नसलेला,
मी चार यू-बोल्ट आवळायचो,
पाना टक् म्हणाला की हात काढायचा.
टक्. पुढचा. टक्.
शालन म्हणते, झोपेत अजून
तुमचं मनगट वळतं.

आणि आज वडाळा नाक्यावर
इद्रीस मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये
तेच बोल्ट उलटे फिरताना बघतोय.
गंज धरलाय. दोनदा डिझेल पाजलं,
शेवटी इद्रीसनं पान्यावर पाइप चढवून
अंगाचा भार टाकला, तेव्हा बोल्ट किंचाळला.
"माझ्याच हातचा असेल," मी म्हणालो.
तो हसला. त्याला गंमत वाटली.

गाडी केतकीची.
तिला ती दोन इंच वर हवी.
मी सांगून पाहिलं होतं:
उंची कुणी उगाच ठरवत नाही, पोरी,
वाळूची पोती भरभरून माणसं वर्षानुवर्षं
तिचे कागद करत बसतात.
ती म्हणाली, त्यांनी रस्ता धरून ठरवली, बाबा.
मला दगड धरायचेत.

इद्रीस गाडीखालूनच बोलत होता,
नुसते पाय दिसत होते त्याचे.
"काका, दोन इंच म्हणजे दोनच इंच नसतंय.
ब्रेकचा पाइप तोकडा पडतो,
शाफ्ट तिरका होतो,
लाइट समोरच्याच्या डोळ्यात.
आणि आरटीओवाला भेटला तर
तुम्ही मला ओळखत नाही."

जुने पाटे बाजूला पडले.
मी हात फिरवला. कमान बसली होती,
पण कुठं चीर नव्हती.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी गिरणाऱ्याच्या पुढे,
काश्यपीचं पाणी मे महिन्यात मागं सरतं तिथं,
भेगाळलेला गाळ आणि काळे धोंडे.
केतकीनं डावं चाक खड्ड्यात सोडलं,
उजवं धोंड्यावर चढवलं.
"उतरून बघा," म्हणाली.

मी उतरलो. मग बसलो.
मग पांढऱ्या शर्टासकट आडवाच झालो गाळात.

एका बाजूचे पाटे दाबून सरळसोट,
दुसऱ्या बाजूचे सैल सुटलेले, लोंबते,
मधला आस तिरपा, तराजूच्या दांडीसारखा,
आणि वर बॉडी जवळजवळ सपाट,
डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली उभीच.
एकवीस वर्षं मी पाटे बसवले,
एकही वाकताना पाहिला नव्हता.
सांगाडा पुढे जायचा,
आणि पुढे काय होतं ते
माझ्या स्टेशनचं काम नव्हतं.

"बाबा, लागलं का काही?"
"थांब जरा. अजून एकदा खाली घे.
सावकाश."

परतताना वळणावर गाडी कलली,
मी दांडी धरली.
केतकीनं न बोलता वेग कमी केला.
उंच गाडीला दगडाचं भय नसतं,
वळणाचं असतं. ते तिला ठाऊक होतं.

घरी शालन निघाली बहिणीकडे, सिडकोत.
पदर खोचला, पाय उचलला,
तो निम्म्यातच थांबला. गुडघा.
"ही गाडी आहे की शेतातला माचा?
लेकीनं उंटावर बसवायचं ठरवलंय मला."
आणि रिक्षानं गेली.

रात्री मी जुन्या पाट्यांतला
सगळ्यात आखूड पाटा काढला.
त्याचं पोलाद वेल्डिंग नीट धरत नाही,
धरलं तरी ऐनवेळी दगा देतं;
म्हणून टोकाला अँगल लावून
बोल्टानंच कसला, मागच्या दाराखाली,
शालनच्या पावलाच्या उंचीला.
माप तिच्या पायरीवरून घेतलं,
तुळशीजवळच्या.

घरात टक् म्हणणारा पाना नाही.
मनगटानं सांगितलं तिथं थांबलो.
मग, उगाच,
अर्धा फेरा अजून.