उजव्या हातानं

शिवाजी उद्यमनगरात, फौंड्रीच्या भिंतीला लागून,
कंटेनरमधून उतरलेली ती गाडी
तीन आठवडे ताडपत्रीखाली उभी होती.
स्टिअरिंग डावीकडे.
इलाही शिकलगार पहिल्यांदा आत बसले
ते सवयीनं उजवीकडंच,
समोरची रिकामी हवा दोन्ही हातांनी धरली
आणि म्हणाले,
"हिला आधी उजव्या हातानं जेवायला शिकवू."

मग पत्रा कापला. पेडलं सरकली.
वायरींचा गुंता मांडीवर घेऊन बसले,
पोरीच्या केसांतली जट सोडवावी तसे.
हेडलाइटची नजर वाकडी,
समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत.
भिंतीवर खडूनं रेघ मारली,
पाना अर्धा अर्धा आटा फिरवत
उजेड रेघेखाली आणला.
"पावण्यानं जरा मान खाली घालून यावं."

पट्ट्याचा बोल्ट मात्र
तीनदा काढून तीनदा आवळला.
का, ते कुणी विचारलं नाही.
कागलच्या अलीकडच्या वळणाची गोष्ट
या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

पुण्याहून कागद दोनदा परत आला,
एकदा काचेवरच्या शिक्क्यासाठी,
एकदा मागच्या दिव्यासाठी.
तिसऱ्यांदा पास.

आतली बाई तेवढी राहिली.
किल्ली फिरवली की बोलते,
कुठल्या भाषेत कोण जाणे,
स्वच्छ, सावकाश, किंचित रागावून.
नियमांत तिच्याबद्दल काही नाही.
मालक म्हणाले, बंद करून टाका.
शिकलगारांनी हात पुसले.
"असू दे की.
पट्टा लाव म्हणत असंल."