कान

रत्नप्रभा काळोखे यांनी पिशवीतून
आधी छत्री काढली, मग औषधांची चिठ्ठी,
मग कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेला फोटो.
"कसर लागलीय. होईल का नीट?"
भवानी पेठेतलं माझं दुकान दहा बाय आठ,
त्यात मी, स्कॅनर आणि उसनी ऐट.
म्हटलं, आता काय, दोन मिनिटांचं काम.

फोटो एकोणसत्तरचा. तालमीचं दार.
दारात निवृत्ती काळोखे, लंगोटावर,
अंगाला हौद्यातली माती,
आणि खांद्यावर तीन वर्षांची रत्नप्रभा
झालरीच्या फ्रॉकात,
पडू नये म्हणून बापाचा कान मुठीत धरून.
कसर चरत गेली होती
छातीपासून पार पोटरीपर्यंत.

चढवला. लिहिलं: डाग काढ,
बाकी कशाला हात लावू नकोस.
चक्र फिरलं. मग लाल चौकट:
या प्रतिमेवर काम करता येणार नाही.
ती आमच्या सुरक्षा धोरणात बसत नाही.

कळलं नसेल, म्हणून समजावलं.
पैलवान आहे, लिहिलं. नाही.
कुस्ती हा खेळ आहे, लिहिलं. नाही.
बाप आहे तिचा, लिहिलं.
त्यावर खातं गोठवण्याची ताकीद आली.

पुण्यात वाढलोय, नकार मला नवा नाही.
पण इथल्या पाटीमागे माणूस असतो.
कडी वाजवली की बनियनवर बाहेर येतो,
भांडतो, कारण सांगतो, आपलं गाव विचारतो,
आणि एखाद्या वेळी चुकून देतोही.
याच्या दाराला कडीच नव्हती.

कुलूप का लागतं ते कळतं मला.
घाणेरडे हात आहेत जगात,
माझीही मुलगी आठवीत आहे.
पण ती ताकीद वाचून मी फोटोकडे वळलो
आणि निमिषभर, अगदी निमिषभर,
त्याच्या डोळ्यांनी पाहिलं.
उघडा माणूस. लहान मूल.
उठलो, मागच्या नळावर तोंड धुतलं,
तरी बराच वेळ
निवृत्ती काळोख्यांच्या नजरेला नजर देववेना.

मग चोरट्यासारखे तुकडे केले.
छाती: नाही. गुडघा: नाही.
फ्रॉकची झालर: नाही, का ते विचारू नका.
कान आणि मूठ एवढंच कापून दिलं,
तर लगेच, हसतमुख: हे घ्या!

मूठ ठीक होती.
कान सरळ केला होता.
गुळगुळीत, बँकेतल्या साहेबाचा कान.
पंधरा वर्षं मातीत घासलेला,
समोरच्याच्या कोपराखाली चेंगरलेला,
रक्त साकळून गाठोडं झालेला कान
त्याला डागच वाटला.

बंद केलं ते. चष्मा पुसला.
मग तीन रात्री, चारपट मोठं करून,
शेजारच्या धड कातडीचा ठिपका उचलायचा,
खाल्लेल्या जागी ठेवायचा.
समोरच्या बेकरीचं शटर पडायचं,
पहाटे पावाच्या वासासकट उघडायचं.
मांडी भरली. पोटरी भरली.
कानाला हात लावला नाही.
छातीवरचे मातीचे वळ माझ्या अंदाजाने,
ते मी बाईंना सांगून टाकलं.

त्यांनी फोटो ट्यूबलाइटखाली धरला.
उशीर का झाला हे विचारतील म्हणून
सर्व्हरचं एक कारण तयार ठेवलं होतं,
ते तसंच राहिलं.
"डावा कान तो," म्हणाल्या.
"माझी नखं लागायची त्यांना.
ओरडायचे नाहीत. नुसतं म्हणायचे,
पकड चांगली आहे पोरीची."

पैसे मोजले. चिठ्ठी पिशवीत गेली, छत्री गेली,
फोटो गेला नाही.
तो दोन्ही हातांनी धरून त्या फुटपाथवर उभ्या,
म्हणून रिक्षाला हात
मीच बाहेर येऊन केला.