अकरावी ब, जादा तास

फोन बाकावर पालथा ठेवला की आवाज मोठा येतो,
हे मला मोसीन तांबोळीनं शिकवलं.
बाकीचं मी शिकवणार होतो.

फळ्यावर चौकट आखली :
कोण बोलतं, कुणाला, कशाबद्दल,
आणि बोलता बोलता काय गिळतं.
"सर, किती मार्काला येणार हे?"
"एकालाही नाही," म्हणालो,
तर निम्म्यांनी पेनांना टोपणं लावली.

कुंपणापलीकडं विट्याचे माग चालूच होते,
इतके रोजचे, की कुणाला ऐकू येत नाहीत.
आत कुठल्याशा लांबच्या शहरातला पोरगा
वस्ती पाडणाऱ्या साहेबाला
एका दमात चाळीस शब्द सुनावत होता.
मी अनुप्रास दाखवला.
यमक दाखवलं, ओळीच्या टोकाला नाही,
पोटात दडलेलं,
खिशातून काढून दाखवावं तसं.
स्वतःवर बेहद्द खूश झालो.

तेव्हा अश्लेषा गुरव उठली.
"सर, घर पाडलं साहेबानं.
मग शिवी त्याच्या आईला का?
ती बाई तर आख्ख्या गाण्यात कुठं नाही."

पोरं हसली. मग थांबली.
माझ्या चौकटीत याला रकाना नव्हता.
एक उभी रेघ वाढवली,
वाकडी आली.

पुढच्या शनिवारी म्हटलं, आपापलं आणा.
आदेश हसबे, शेवटचा बाक,
हजेरीलाही नुसती मान हलवणारा,
उभा राहिला भिंतीकडं तोंड करून :

दुसऱ्याचं सोनं, माझ्या बापाची भट्टी,
वर्षाला दिवाळी, बाकी कसली सुट्टी,
फोनवर खोकतो, म्हणतो रेंज न्हाई बाळा,
चोवीस कॅरेट तुमचं, त्याचा श्वास काळा

आमच्याकडं याचा अर्थ सांगावा लागत नाही.
अर्ध्या वर्गाच्या बापांचे पत्ते
तमिळ, तेलुगू, बंगाली पाट्यांखाली आहेत.
गलाई करतात, तेजाबाच्या धुरात बसून,
सोनाराच्या दुकानातली धूळसुद्धा जाळून
राखेतलं सोनं ज्याचं त्याला परत देतात.
मी सवयीनं फळ्याकडं वळलो,
"विषय : स्थलां" एवढं लिहून झालं होतं.

"विषय नगा लिहू सर," तो म्हणाला.
"बाप हाय त्यो."

डस्टर सापडेना. तळव्यानं पुसलं.
ते "स्थलां" मग दिवसभर हाताला होतं,
चहाच्या कपाला, मस्टरवरच्या सहीला.

टाळ्या चालू होत्या तोवर अश्लेषा पुन्हा.
(मनात म्हटलं, आज नको गं.)
"आणि तुझी आई रे?
पहिल्या पाळीला माझ्या आईशेजारच्या मागावर असती.
तिला एक ओळ न्हाई?"

आदेश बसला. पुढचे दोन शनिवार आलाच नाही.
प्राचार्य दारातून डोकावले,
"ते धांगडधिंग्याचं बंद झालं वाटतं,"
म्हणून समाधानानं गेले.

तिसऱ्या शनिवारी आला.
वहीचं पान, चार घड्या घातलेलं.
नऊ ओळी. नवाच्या नऊ खोडलेल्या.
"आई बसंना सर.
बीटात बसंना."

मला वृत्तं येतात. लघू, गुरू, यती, सगळं.
तोंड उघडलंही होतं.

अश्लेषानं बाक वाजवायला घेतला, दोन बोटांनी.
खटक खटक खटक खटक
आणि थांबली.
आम्ही वाट बघत राहिलो.
पुन्हा खटक खटक.
"धागा तुटला की थांबतोय माग," ती म्हणाली,
"गाठ मारू दे की तिला."

आदेशनं दातानं टोपण काढलं.
कुंपणापलीकडचे माग
कितीतरी वर्षांनी मला ऐकू आले,
आणि त्यातला एक
थांबलेला.