मागच्या चिमट्यातली जागा

"सव्वीस इंची? आता कोण बनवतं, ताई,"
म्हणाला भद्रकालीतला शब्बीर तांबोळी
आणि तरीही शिडी लावून माळ्यावर चढला.
उतरला तेव्हा दोन्ही खांद्यांवर टायर,
भुवयांवर धूळ,
आणि चेहरा असा, की माझ्याशी लावलेली पैज
तो खुशीनं हरला होता.

पहिला गुळगुळीत. गंगापूर रोडवर
सकाळी फिरून कॉफी प्यायला जाणारा.
दुसऱ्याचे ठोकळे बारीक, दाटीवाटीचे,
डांबरावर गुणगुणतील, आणि ओल्यात
तोंडात चिखल धरून गप्प बसतील.
तिसरा मात्र.
तिसऱ्याच्या कडेला मगरीच्या पाठीसारखे उंचवटे,
मधे मोकळे पाट,
रबर इतकं मऊ, की नख रुतलं
आणि खड्डा सावकाश, विचार करत भरून आला.

शेजारचा युगंधर म्हणतो,
मावशी, एकोणतिशी घ्या, खाली दगड आहे हे कळतच नाही.
मला कळलेला आवडतो, मी म्हणते.
(हे खरं नाही. चामरलेणीच्या मागच्या उतारावर
जानेवारीत जो कळला
त्याचे दोन स्क्रू मनगटात आहेत.
सुका मुरूम. बॉल-बेअरिंगं सांडावीत तसा.
पुढचं चाक आधी गेलं, मग मी.)

पहिल्या बोनसची सायकल ही.
घरी सगळ्यांना वाटलं होतं, कानातलं आणेन.
नारिंगी रंग आता फक्त जोडांच्या खाचांत उरलाय,
ब्रेकच्या तारा तीनदा बदलल्या,
सीट एकदा चोरीला गेली आणि तीच सीट
जुन्या बाजारात साठ रुपयांना परत मिळाली.

मी पिशवीतून व्हर्नियर काढला.
शब्बीरचा पोऱ्या हसला. हसू दे.
बावीस वर्षं अंबडला क्वालिटीत गेली माझी,
डोळ्यांवर सोडत नाही मी काही.
टायर दोन पूर्णांक चार, म्हणजे एकसष्ट मिलिमीटर.
पुढचा फोर्क ऐसपैस, काही म्हणणं नाही त्याचं.
मागचा चिमटा: त्रेसष्ट.

म्हणजे इकडे एक, तिकडे एक.
एवढ्या फटीवर मी ट्रकभर माल पास केलेला आहे.
पण तिथल्या शाफ्टला कधी
मखमलाबादची काळी माती लागली नव्हती,
द्राक्षबागांच्या कडेची,
जी चाकाला चढली की पाहुण्यासारखी बसते
आणि सुकल्यावर छिन्नीनं काढावी लागते.
शिवाय माझं रिम दीड मिलिमीटर डुलतं.
तेही मोजलंय.

"बसेल, बसेल," शब्बीर म्हणाला, "जोर लावू."
बसेल. फिरणार नाही.
हे त्याला सांगताना
मला उगाच माझं लग्न आठवलं, आणि
मी लगेच पुन्हा माप घेतलं.

शेवटी पुढे तो, मगरीचा.
मागे त्याच जातीचा धाकटा, दोन पूर्णांक एक,
ज्याला एक बाभळीचा काटा आधीच टोचून गेलेला,
म्हणून शंभर रुपये कमी.
"जोडी नाही दिसत," पोऱ्या म्हणाला.
नाही दिसत.
पुढच्यानं धरायचं, मागच्यानं ढकलायचं,
दोघांना एकसारखं कशाला दिसायचंय?

हवा अठ्ठावीस पौंड. अंगठ्यानं दाबून बघितली,
मग गेजनं, मग पुन्हा अंगठ्यानं.

रविवारी म्हसरूळच्या पुढे डांबर संपलं,
चाकांचा आवाज भरड झाला,
जात्यात हरभरा पडावा तसा.
मधल्या चढावर घाणेरीच्या जाळीपाशी थांबले, पाणी प्यायला,
तेव्हा दिसलं:
मागच्या टायरवरचा बाण उलटा.
चाक पुढे, बाण मागे.
म्हणजे पोऱ्यानं उलटा बसवला,
आणि मी, मी, सगळं मोजलं आणि
दिशा तपासली नाही.

खाली नाशिक धुरकट. अंबडच्या बाजूला एक चिमणी.
इथे उलटवायला अर्धा तास, एक तार बोटात,
आणि मनगट.

घातला पाय पेडलवर.
मागचं चाक जरा घसरलं, मग धरलं त्यानं.
उलट्या बाणानंच धरलं.
उतार पुढे आहे,
तो उतार.