खुंट्या

लिओनीड सीर पहिल्यांदा पडला तो अकरा मतांनी.
ते अकरा जण कोण, हे त्याला तोंडपाठ होतं,
निदान तो तसं म्हणायचा.
"दोघं तर घरातलेच," म्हणून माझ्याकडे बघायचा.
मी त्याचा मेहुणा.
(मी दिलं होतं त्यालाच. त्याच्या बहिणीचं मी आजवर विचारलेलं नाही.)

फलकांच्या खुंट्या मी तासायचो,
सीडरच्या, दोन हात लांब, टोकाला तिरप्या.
फलकावर साल छापायचं नाही,
हा त्याचा पहिला राजकीय निर्णय.
"साल घातलं की फलक म्हातारा होतो."
निळ्यावर पांढरं आडनाव, बस्स.
निवडणूक झाली की धुऊन, पुसून, कोठारात.

बटाट्याची काढणी, शाळेला तीन आठवडे सुट्टी,
पोरं शेतात, आणि हा घरोघर.
पुढचं दार कधी वाजवलं नाही त्यानं.
आमच्या खोऱ्यात पुढच्या दारानं येतो
तो पाद्री, नाहीतर पोलीस.
हा मागनं, स्वयंपाकघरातून, टोपी हातात,
चुलीवरच्या पातेल्यात डोकावत फ्रेंचमध्ये विचारायचा,
आईचा गुडघा काय म्हणतो?
मताचं बोलणं निघालंच तर निघताना,
अंगणातल्या कुत्र्याला सांगितल्यासारखं.

दुसऱ्या खेपेला निवडून आला.
ऑगस्टा पाच तास, बर्फ असेल तर सात.
भत्ता पेट्रोलला पुरायचा, टायरांना नाही.
चार मुदती. आठ वर्षं.
काय केलंस आठ वर्षांत, असं वेड प्रेंटिसनं
भर सभेत विचारलं तेव्हा
लिओनीडनं खिशातली वही काढली
आणि खरंच वाचायला लागला:
वळणावरचा नाला, त्यावरचा पाइप.
रात्रीची रुग्णवाहिका, अर्धं वर्ष.
मधमाश्यांचं विधेयक, समितीतच मेलं.
पुन्हा मांडलं, पुन्हा मेलं.
लोक हसले. तोही हसला, पण वाचायचा थांबला नाही.

एक गोष्ट मात्र वाचली नाही त्यानं.
एका मार्चमध्ये सभागृहात उभा राहून तो म्हणाला,
माझ्या आईला शाळेत शंभर वेळा लिहायला लावलं,
मी फ्रेंच बोलणार नाही.
आणि मग तेच वाक्य, तिच्या भाषेत, एकदाच.
टंकलेखिकेचा हात थांबला.
इतिवृत्तात त्या जागी एवढंच आहे:
सदस्य बोलले.
ते पान फ्रेममध्ये आहे, त्याच्या न्हाणीघरात.
का न्हाणीघरात, तर म्हणतो, तिथे कुणी वाद घालत नाही.

नियम असा, की चार मुदतींनंतर घरी बसायचं.
बसला. दोन वर्षं कोंबड्यांशी तावातावानं बोलला.
परत उभा राहिला तोवर नकाशा बदलला होता,
नदीकाठ कापून तलावाकडची गावं जोडलेली.
तिथे मागचं दार कुठे असतं तेच कळेना.
पुढच्या दाराला काचेचा डोळा,
घंटा दाबली की आतून आवाज:
"पायरीवर ठेवून जा."
ठेवायला हातात काही नव्हतं.
हा टोपी काढून त्या डोळ्याला म्हणाला,
तुमच्या आईचा गुडघा कसा आहे?
मी गाडीत होतो. मान फिरवून स्टिअरिंगकडे बघत बसलो.

नऊशे बारा मतांनी पडला.
या वेळी नावं पाठ करण्याचा प्रश्नच नव्हता.

फलक गोळा करायला मी एकटाच निघालो.
जमीन गोठायच्या आत खुंट्या उपटाव्या लागतात,
नाहीतर एप्रिलपर्यंत त्या तिथल्याच.
एक्झिल्डाच्या घरापाशी थांबलो.
म्हातारी ऑगस्टमध्येच गेली, खिडक्यांना फळ्या.
फलक मात्र होता, नीट, रस्त्याकडे तोंड करून.
आम्ही तो ठोकला नव्हता.
माझ्या वहीत ते घर नव्हतंच.
खुंटी माझ्या हातची, जुनी, कुठल्या निवडणुकीतली देव जाणे.
धरून हलवून पाहिली.
हलली असती, दोन हातांनी.

घरी आलो. लिओनीड फोनवर होता,
कुणाचा तरी पाइप पुन्हा तुंबला होता,
आणि तो वहीत लिहून घेत होता.
म्हणाला, किती मिळाले?
म्हटलं, सगळे.