चाटूनपुसून

टेफचं पीठ तीन दिवस आंबतं.
पहाटे त्सिगेरेदा झाकण उचलून वास घेते,
वर आलेलं पिवळं पाणी वाटीत काढते
पुढच्या खेपेच्या विरजणाला.
तव्यावर इंजेराला डोळे फुटतात,
हजार बारीक डोळे,
आणि बेरेकेतचे दोन अजून मिटलेलेच.

आज बुधवार, उपास. लोणी नाही, अंडं नाही.
मसूर, थोडी कोबी.
"बिस्किटं दे ना," तो झोपेतच.
"दात किडतात." रोजचंच.

पण महिनाभर डबा चाटूनपुसून येतोय.
तिनं शेजारणीला सांगितलंसुद्धा,
पोराला चव लागली एकदाची!

दुपारी शाळेच्या फाटकाशी एक मुलगा,
सदरा ढगळ, मनगटं काडीएवढी.
आई अंधारातच कामाला जाते त्याची,
हातावर नाणं ठेवून.
म्हणाला, "तुमचा मसूर फार छान असतो."
बेरेकेत बुटांकडे बघत राहिला,
खिशातून बिस्किटाचा कागद डोकावत होता.

गोंदरचा चढ ती काही न बोलता चढली.
रात्री पीठ कालवताना
चार ओंजळी जास्त घातल्या.

मग बोटांवर मोजलं:
तीन दिवसांनी शनिवार, शाळेला सुट्टी.

"त्याला घरीच बोलाव," म्हणाली,
"आणि तूही जेव."