लेन्स जोडलेली नाही

कॅमेरा चालू केला की पडद्यावर उमटतं:
लेन्स जोडलेली नाही.
असू दे, म्हणते मी.
माइसनच्या जुन्या बाजारात बारा युरोंना घेतलेली,
मुठीएवढी, जड,
हिला वीज कळत नाही. बोटं कळतात.

किल्ल्याखालच्या कुरणात आज चौदावं शतक आहे,
शनिवार-रविवार, दहा ते सहा.
मनगटावर निळ्या शाईचा सिंह मारून घेतला की आत.
लोहार ओलाफ एरवी दातांच्या कवळ्या करतो.
ऑर्ट्रूननं जाळीचं चिलखत विणलंय,
एकवीस हजार कड्या.
"मोजल्यास?"
"नवरा गेला त्या हिवाळ्यात. दुसरं काय मोजणार होते?"
प्लेगनं मेलेल्या दोघी गवताच्या भाऱ्यावर बसून
एकाच थर्मासातली कॉफी पितायत.

मी रिंग फिरवते.
आधी नाक, मग पापणी,
मग पापणीच्या मागची नुसती हवा.
परत.
कुठे थांबायचं ते ही सांगत नाही.

बाराला लढाई.
मी अंतर आधीच लावून ठेवलं, सात मीटर,
तिथून कुणीतरी जाईलच.
शिंग वाजलं, ढालींवर ढाली आदळल्या,
आणि सगळं शौर्य गेलं पाच मीटरवरून.
मला मिळाला मागचा आइस्क्रीमचा ठेला,
भावफलकासकट, अगदी रेखीव.

मग मेलेले पडून राहिले. शिट्टी व्हायची होती.
त्यांच्यात एक म्हातारा,
छातीवर हात, नाकावर मुंगी.
मी गुडघ्यांवर आले. अर्धा मीटर.
याहून जवळ ही जात नाही.
मुंगीचे पाय दिसायला लागले
आणि मेलेल्यानं एक डोळा उघडला.
माझ्याकडे नाही, काचेकडे बघितलं.
"पुढच्या कड्यावर नंबर आहे. वाच."
वाचला.
"एकाहत्तर," तो म्हणाला. "हिवाळा. आमची दुसरी पाळी असेल."

फोल्कमार त्याचं नाव.
सतरा वर्षं भिंगं घासली,
नव्वदला फाटकाला कुलूप लागलं,
आता तिथे गाद्यांचं दुकान आहे.
गुडघे गेलेत, म्हणून दरवर्षी
पहिल्याच हल्ल्यात मरून घेतो.
पडल्या पडल्या त्यानं लोखंडी हातमोजा काढला,
लेन्स मागितली, कानाशी धरली,
रिंग हळूच फिरवली,
कलिंगड निवडणाऱ्यासारखी मान तिरपी करून.
"ग्रीस वाळलंय. बाकी ठीक आहे बाई."

मी विचारलं, त्या कारखान्याची जत्रा का नाही भरवत कुणी?
सकाळचा भोंगा, पांढऱ्या टोप्या,
कँटीनचं कोबीचं सूप,
तिकीट काढून आलेली पोरं विचारतील,
खरंच असं असायचं?
तो हसला, चिलखत खुळखुळलं.
"आणि मी त्यात कोण होऊ?"
"फोल्कमार."
"छे. त्याचे कपडे भाड्यानं मिळत नाहीत."

पण मग, मी काही न म्हणता,
त्याचा उजवा अंगठा डाव्या तळव्यावर फिरायला लागला,
लहान लहान गोल,
दर आठव्या-नवव्या फेऱ्याला जरा दाब,
आणि तोंडानं तो काहीतरी मोजत होता.
शिट्टी झाली.
दोन्हीकडचे मेलेले उठले, पार्श्वभाग झटकत,
बिअरच्या तंबूकडे निघाले.
हा राहिला.

मी लेन्स परत चढवली.
लेन्स जोडलेली नाही, पडदा म्हणाला.
श्वास धरला, रिंगवर बोट ठेवलं, दाबलं.

संध्याकाळी फोटो ऑर्ट्रूनला दाखवला.
गवताची पाती सुटी सुटी मोजता येतात,
तळव्यावरच्या रेषाही.
अंगठ्याच्या जागी फक्त एक करडं वर्तुळ.
तिनं चष्मा कपाळावर ढकलला,
बराच वेळ बघितलं.
"कडी आहे ना ही?" म्हणाली.
"टोकं नीट मिळाली नाहीत."